किनारा तिकडेच जातो

१२ जानेवारी, सोमवार

चि. ठकीस,

आईचे आशीर्वाद. तुझा पत्ता कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंनी दिला. तू त्यांच्या भाचीला अधूनमधून लिहितेस म्हणे. माझं माप घेता घेता त्या सहज बोलून गेल्या. दोन्ही हात वर धरलेले असताना माणसाला धड रागावताही येत नाही, म्हणून मी 'हो का' एवढंच म्हणाले.

तू लग्न करून गेलीस त्याला तीन वर्षं होत आली. बायको गेलेला, पदरी मुलगा असलेला माणूस तू निवडलास, तेव्हा तुझ्या बाबांनी 'या घराशी तुझा संबंध संपला' असं सांगितलं. ते त्यांनी सांगितलं. मी तसं काही म्हटलं नव्हतं. मग आईला एक ओळ लिहायला तुझे हात का झिजले? शिंपीणबाईंच्या भाचीला लिहितेस, आईला नाही. असो. भांडायला पत्र लिहिलेलं नाही.

लिहायचं कारण असं की आम्ही प्रवासाला निघालो आहोत. हसू नकोस. बाबा निवृत्त झाले. सगळी नोकरी टपाल वेगळं करायच्या खोलीत गेली. समोर भिंतभर लाकडी खण, प्रत्येक खण एका गावाचा. हात आपोआप त्या त्या खणाकडे जायचा, पण त्यातलं एकही गाव त्यांनी पाहिलं नव्हतं. निवृत्तीनंतर दोन महिने घरात नुसते येरझारा घालत होते. मग एक दिवस नकाशा पसरून म्हणाले, "समुद्राकडची ओळ बघून येऊ." त्यांच्या भिंतीवर किनाऱ्याची गावं सगळ्यात खालच्या ओळीत होती. ती पत्रं टाकायला वाकावं लागायचं, म्हणून कंबर गेली असं ते सांगतात.

म्हणून ही खालची ओळ. गर्दीचा हंगाम संपला आहे, त्यामुळे खोल्या निम्म्या दरात मिळतात. या हिशेबानेच मी हो म्हटलं. घरातला गॅस, वीज, दूध बंद. तेवढ्यात साध्या गाड्यांनी भागतं. पण अजून पहिलंच गाव चाललं आहे आणि माझे पाय दुखून आले आहेत. खोली तिसऱ्या मजल्यावर, खिडकीतून समुद्र दिसतो असं सांगितलं होतं. दिसतो. खुर्चीवर उभं राहिलं की.

बाबांच्या डोळ्यांत दिवसातून चार वेळा थेंब घालावे लागतात. स्वतः घालायला गेले की पापणी मिटतात. त्यामुळे मी कुठे लांब जाऊ शकत नाही. हे पत्र ते खाली बाकावर पेपर वाचताहेत तेवढ्यात लिहिते आहे. त्यांना मी सांगितलेलं नाही.

उत्तर द्यावंसं वाटलं तर पुढच्या गावी, किल्ल्याच्या गावी, पोस्टात ठेवायला लिही. पाकिटावर माझं नाव आणि 'येऊन घेणार' असं लिहिलं की खिडकीवर राखून ठेवतात. मी स्वतः पोस्टात नोकरी केली नसली तरी एवढं मला कळतं.

मुलगा केवढा झाला?

आई


२० जानेवारी, मंगळवार

चि. ठकीस,

आशीर्वाद. किल्ल्याच्या गावी येऊन चार दिवस झाले. पोस्टाच्या खिडकीवर रोज जाऊन आले. तिथली बाई आता मला पाहिली की मान आधीच हलवते. बाबांना 'तिकिटं आणायला जाते' असं सांगते. आज म्हणाले, "एवढी तिकिटं कुणाला चिकटवणार आहेस?" मी म्हटलं, "तुमच्या तोंडाला." 

किल्ला पाहिला. पायऱ्या उंच होत्या. त्या काळच्या लोकांचे गुडघे कशाचे होते कोण जाणे. माहिती सांगणारा माणूस करायचा तर पैसे पडतात, म्हणून आम्ही दुसऱ्यांच्या घोळक्यामागे थोडं अंतर राखून उभे राहिलो. तो सांगत होता की इथून तोफा डागल्या, तिथे वेढा पडला. मधेच थांबून आमच्याकडे बघून म्हणाला, "मावशी, पुढे या, फुकटचं मागून नीट ऐकू येत नाही." सगळे हसले. बाबा लाजेने लाल झाले आणि चालायला लागले. मी मात्र पुढे जाऊन उभी राहिले. बोलावलंय तर ऐकून घ्यावं. अपमान झालाच होता, माहिती तरी पदरात पडली.

बाबांना किल्ल्यात रस नाही. प्रत्येक गावी त्यांना आधी पोस्ट बघायचं असतं. बाहेर उभे राहून पत्रपेटी बघतात, गाड्या कधी निघतात ते वाचतात. "या गावची पाकिटं नेहमी दमट यायची," म्हणाले. "शिक्का फाकायचा." किल्ल्याच्या गावची एवढीच माहिती त्यांच्याकडे होती.

मी दमले आहे, ठके. खोल्या बदलून बदलून सकाळी डोळे उघडले की दार कुठल्या बाजूला आहे ते आठवावं लागतं. इथल्या उशीला दुसऱ्याच्या तेलाचा वास आहे. देवाची छोटी तसबीर पिशवीत घेऊन निघाले, ती कधी खिडकीत, कधी नळाच्या फळीवर, काल तर कपाटात हँगर अडकवायच्या दांडीखाली मांडली. देवही म्हणत असेल, ही बाई एका जागी बसवत का नाही.

त्याच्याकडे मी एकच मागते. तीन वर्षं तेच मागते आहे. पहिल्या वर्षी 'पत्र येऊ दे' म्हणायचे. दुसऱ्या वर्षी 'का येत नाही ते तरी कळू दे' वर आले. आता नुसते हात जोडते, त्याला पाठ झालं असेल.

परवा निघणार. जुन्या बंदराच्या गावी आठवडाभर मुक्काम. तिथेही पोस्ट आहे.

आई


२९ जानेवारी, गुरुवार

ठके,

तुझं पत्र मिळालं.

कसं मिळालं ते सांगते, मग बाकीचं.

मंगळवारी मी खिडकीवर उभी होते. इथे चष्मेवाली एक तरुण मुलगी बसते. तिने गठ्ठा चाळला आणि पाकीट काढलं. मी अक्षर ओळखलं, 'आ'चा काना अजून तसाच वाकडा काढतेस. हात पुढे करते तोच मागून बाबांचा आवाज आला, "इकडे द्या, मी घेतो." ते कधी आत आले मला कळलंच नाही. मुलगी म्हणाली, "बाईंच्या नावाचं आहे."

"मी त्यांचा नवरा. मीसुद्धा टपालातलाच. आख्खी नोकरी काढली."

"मग आजोबा, तुम्हाला नियम मी कशाला सांगू? ज्याचं पत्र त्याच्याच हातात."

एरवी कुणी नियम काढला की बाबांना आनंद होतो. त्या मुलीकडे बघून ते नुसते उभे राहिले. चेहरा असा झाला की मला वाटलं चक्कर येते आहे. मी म्हटलं, बसा. बसले.

पत्र मी जुन्या जकातघराच्या ओट्यावर वाचलं. तू लिहिलं आहेस की तुझी सगळी पत्रं मी न उघडता परत पाठवली, प्रत्येक पाकिटावर 'घेण्यास नकार' असा शिक्का होता, पहिलं परत आलं तेव्हा पोरगा तापाने फणफणला होता आणि ताप उतरेना म्हणून काय करू असं तू मला विचारलं होतंस. आणि शेवटी, 'आता फिरायला निघालीस म्हणून माझी आठवण आली का?'

मी ते तीनदा वाचलं. मला वाटलं, पोरगी कुणाबद्दल लिहिते आहे?

ठके, तुझं एकही पत्र माझ्या हातात आलं नाही. मी कशालाही नकार दिला नाही. देवाची तसबीर समोर ठेवून लिहिते आहे. हे वाक्य तुला पटलं नाही तर पुढचं वाचू नकोस.

मी बाबांना विचारलं, "ठकीची पत्रं येत होती?"

ते समुद्राकडे बघत होते. म्हणाले, "येत होती."

"माझ्या नावाने?"

"तुझ्याच नावाने."

"मग?"

"पहिलं समोर आलं तेव्हा हात थांबला. अक्षर ओळखलं. घरी नेऊन द्यायचं तर मी बोललेलं सगळं खोटं पडलं असतं. शिक्का टेबलावरच होता."

"आणि दुसरं?"

"पहिलं परत गेलं होतं ना. मग दुसरं कसं देणार?"

बघ, हा त्यांचा हिशेब. एक चूक झाली म्हणून तिला जोड म्हणून दुसरी. ज्या माणसाने शेजाऱ्याचं चुकून आपल्या दारात पडलेलं पाकीट कधी उजेडात धरून पाहिलं नाही, उलट पावसात जाऊन देऊन आला, त्याने बायकोचं पत्र बायकोच्या नावाने नाकारलं. स्वतःच्या नावाचं नाकारलं असतं तर मी त्यांना हट्टी म्हटलं असतं आणि सोडून दिलं असतं. त्यांनी माझं तोंड वापरलं.

मी ओरडले नाही. आजूबाजूला लोक आईस्क्रीम खात होते. मी उठले आणि खोलीवर आले. येताना एकच विचारलं, "ही गावांची ओळ तुम्ही तिच्या गावाच्या दिशेने लावली आहे का?" तुझं गाव शेवटून दुसरं आहे, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. ते म्हणाले, "किनारा तिकडेच जातो. मी काय करू?"

संध्याकाळी देवापुढे बसले. मागायला काही सुचेना. मग त्याची माफी मागितली. तीन वर्षं मी त्याच्यावर नाहक आळ घेत होते.

पोराचा तो ताप कशाने उतरला ते लिही.

आई


५ फेब्रुवारी, गुरुवार

चि. ठकीस,

अजून जुन्या बंदराच्या गावीच आहोत. मुक्काम वाढवला. खोलीच्या मालकीणबाईंना कारण सांगितलं की माझे पाय सुजले आहेत. ते खरंही आहे.

आमचं बोलणं कामापुरतं चालतं. 'मान वर करा', 'डोळा उघडा', 'दुसरा'. थेंब मी घालते, त्यात चूक करत नाही. काल बाबा म्हणाले, "तू काही बोलत का नाहीस? दोन शिव्या तरी दे." मी म्हटलं, "शिव्या दिल्या की तुमचं फिटलं. मग तुम्ही गाढ झोपाल." त्यांना ते लागलं. लागावं म्हणूनच म्हटलं होतं.

मालकीणबाई जाड, बोलक्या, नवरा बोटीवर गेला तो आलाच नाही. त्यांना वाटतं आमचं खर्चावरून बिनसलं आहे. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, म्हातारपणी पुरुषमाणूस घराबाहेर काढला की बिथरतोच. परत न्या." मी म्हटलं, "घरात होता तेव्हा काय केलं ते तुम्हाला ठाऊक नाही." त्यांनी लगेच स्टूल पुढे ओढलं. पण मी सांगितलं नाही. आपल्या घरातलं आपल्या घरात. ही सवयही मोडायला हवी कदाचित. तीच नडली आहे. तीन वर्षांत मी एकदा जरी शिंपीणबाईंसमोर रडले असते, तरी त्यांनी भाचीला विचारलं असतं, भाचीने तुला, आणि सगळं उघडं पडलं असतं. मी ताठ मानेने 'ठकी मजेत आहे' सांगत राहिले.

बाबा दिवसभर बंदराच्या भिंतीवर बसतात. जुनी तोफ आहे एक, तोंड समुद्राकडे. तिच्या सावलीत. येणारेजाणारे पर्यटक तोफेबरोबर त्यांचाही फोटो काढतात.

तुझ्या उत्तराची वाट बघत नाही असं लिहिणार होते. पण खोटं कशाला.

आई


१६ फेब्रुवारी, सोमवार

चि. ठकीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र शनिवारी मिळालं. चष्मेवालीने मला लांबूनच हात केला. बाबा बाहेर पायरीवर थांबले होते, आत आले नाहीत.

पोराचा ताप शेजारच्या म्हाताऱ्या सुईणीने रात्रभर अंग पुसून उतरवला, हे वाचून मी तिच्यासाठी दिवा लावला. तिला सांग. तो आता तुला आई म्हणतो, हेही वाचलं. आधी वर्षभर 'अहो' म्हणायचा, यावर मी एकटीच खूप हसले. मालकीणबाई बघायला आल्या.

आणि तू लिहिलं आहेस, 'आई, तू ये. हवी तेवढी राहा. बाबांना आणू नकोस. त्यांच्यासमोर मला अजून उभं राहता येणार नाही.'

मी दोन दिवस विचार केला. तुला वाटेल, यात विचार कसला. पण लग्न झाल्यापासून मी त्यांना सोडून कुठे राहिलेली नाही. तुझ्या वेळी बाळंतपणालासुद्धा तिसऱ्या आठवड्यात परत आले होते, त्यांना भात नीट लावता येत नाही म्हणून. आणि आता डोळ्यांचे थेंब. मनात आलं, तुला लिहावं की आम्ही जोडीने येऊ, ते गल्लीच्या तोंडाशी थांबतील, तू वरून बघ, मग ठरव. पत्र अर्धं लिहूनही झालं होतं.

ते फाडलं. का ते सांगते.

काल बाबांना तुझं पत्र वाचून दाखवलं. सगळं, त्यांच्याबद्दलच्या ओळीसकट. ऐकून ते म्हणाले, "एकदा मला तिच्या दारापर्यंत ने. मी तिचे पाय धरतो. मग ती हाकलू दे." डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नुकतेच घातलेले थेंब वाया. आणि मला एकदम सगळं समोर दिसलं. ते तुझ्या दारात येणार, खाली बसणार, रडणार. तू घाबरून पाणी आणणार, मी पाठ चोळणार, पोरगा बावचळून बघणार. अर्ध्या तासात त्यांचं मन मोकळं, आणि आपण दोघी त्यांचीच काळजी करत बसलेल्या. तुझी तीन वर्षं आणि माझी तीन वर्षं त्यांच्या रुमालात पुसली जाणार.

मी म्हटलं, "पाय धरायची घाई तुम्हाला आहे. तिला नाही."

"मग मी करू तरी काय?"

"थांबा. आम्ही थांबलोच होतो की."

 मग त्यांनी विचारलं, "तिला पत्र लिहू?" मी म्हटलं, "ते मला विचारू नका. तुमचं पत्र, तुमचं पाकीट. तिने घेतलं तर घेतलं." ते लिहितील की नाही मला माहीत नाही. आलं तर तुझ्या मनाला येईल ते कर. माझ्याकडे बघून काही करू नकोस.

तर मी एकटी येते आहे. गुरुवारी. बाबा इथेच राहतील. पुढची गावं रद्द. मालकीणबाईंनी जेवणाची सोय केली आहे, आणि थेंबांचं विचारल्यावर म्हणाल्या, "मी घालेन की, माझ्या मांजरीला घालते." बाबांना ते ऐकून इतका अपमान वाटला की काल संध्याकाळी आरशासमोर उभे राहून स्वतः घातले. निम्मे गालावर, पण एक दोन आत गेले. शिकतील.

माझ्यावर रागावलेली असलीस तरी चालेल. मी तेव्हा दारात उभी राहून तुला जाताना बघत होते आणि काही बोलले नव्हते, ते मी विसरलेले नाही. तूही विसरली नसशील. त्याबद्दल काय बोलायचं ते समोरासमोर बोल. मी ऐकायला येते आहे, समजूत घालायला नाही. त्यांची बाजू मांडायला तर अजिबात नाही.

माझ्यासाठी वेगळं काही करू नकोस. मी जमिनीवर झोपते. सकाळी लवकर उठून पुटपुटते, पोराला आधी सांगून ठेव, नाहीतर घाबरेल. जावईबापूंना काय म्हणायचं ते मला अजून सुचलेलं नाही, तेही मला काय म्हणतात बघू. स्टँडवर यायला कामाचा खाडा करू नकोस, मी विचारत विचारत येईन.

आज बसचं तिकीट काढून आणलं. खिडकीवरच्या माणसाने दोनदा सांगितलं की जायचं-यायचं एकदम काढलंत तर बरंच स्वस्त पडेल, महिनाभर चालतं. मी तारीख विचारली, पैसे मोजले, आणि मग त्याला म्हटलं, नको, नुसतं जायचंच द्या.

आई